पाठलाग न करता डॉल्फिन कसे बघावेत: कोकण-गोव्यातल्या होडीफेरीसाठी

तारकर्ली-देवबाग, निवती-भोगवे, दापोलीजवळचं मुरुड-कर्दे, गोव्यातलं सिकेरी नाहीतर पाळोळे. यांपैकी कुठेही सुट्टीला गेलात की "डॉल्फिन दाखवतो, चला" असं कोणीतरी म्हणतंच. बऱ्याच ठिकाणी पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "दिसले नाहीत तर पैसे नका देऊ." गिऱ्हाइकाच्या कानाला हे गोड लागतं, पण समुद्रावर पुढे जे बिघडतं त्याची सुरुवात इथेच होते. दिसण्यावर कमाई अवलंबून असली की होडीवाल्याला डॉल्फिन कसेही करून दाखवावेच लागतात. मग एका कळपामागे सात-आठ इंजिनं लागतात, कळप बुडी मारून दुसरीकडे निघाला की सगळ्या होड्या तिकडे वळतात, आणि होडीतली माणसं "तो बघ, तो बघ" म्हणत एकाच बाजूला झुकतात.

सुकाणू तांडेलाच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्याच्या, हातात असतं हे खरं. पण तो ते कसं फिरवणार हे तुम्ही किनाऱ्यावर त्याच्याकडे काय मागितलंत त्यावर ठरतं. म्हणून होडीत चढण्याआधीची दहा मिनिटं या लेखात मी सगळ्यात महत्त्वाची मानली आहेत.

आधी कोणाला बघायला चाललोय ते कळू द्या

आपल्या किनाऱ्याला लागून दिसणारा डॉल्फिन बहुतेक वेळा एकाच जातीचा असतो: हिंदी महासागरातला कुबडवाला डॉल्फिन. शास्त्रीय नाव सुसा प्लंबिया. प्रौढ डॉल्फिन अडीच मीटरच्या आसपास लांब, रंग शिशासारखा करडा. पाठीच्या मधोमध लांबट उंचवटा आणि त्या उंचवट्यावर बसवल्यासारखा छोटा पर, ही त्याची हमखास खूण. हा डॉल्फिन खोल समुद्रात जात नाही. साधारण पंचवीस मीटरपेक्षा उथळ पाण्यात, खाडीच्या तोंडाशी, किनाऱ्यापासून काही किलोमीटरच्या पट्ट्यात त्याचं सगळं आयुष्य जातं. तिथेच आपली जाळी असतात, बंदरं असतात, सांडपाणी येतं, आणि तिथेच पर्यटकांच्या होड्याही फिरतात. त्याला दुसरीकडे जायला जागा नाही. मादी साधारण तीन वर्षांनी एका पिल्लाला जन्म देते, त्यामुळे घटलेली संख्या भरून यायलाही फार वेळ लागतो. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत ही जात 'संकटग्रस्त' म्हणून नोंदलेली आहे.

त्याच पाण्यात कधीकधी एक लाजाळू प्राणी दिसतो, पाठीवर पर नसलेला पॉरपॉइज. लहानसा, काळपट, गुळगुळीत पाठ क्षणभर वर येते आणि नाहीशी होते. बरेच लोक त्याला डॉल्फिनचं पिल्लू समजतात. पर अजिबात दिसला नाही आणि चोचीसारखं तोंडही दिसलं नाही, तर तो हाच. हवेत गिरक्या घेत उड्या मारणारे स्पिनर डॉल्फिन मोठ्या कळपांनी असतात, पण ते बाहेरच्या खोल पाण्यात. जाहिरातींवर छापलेले उड्या मारणारे, हसऱ्या तोंडाचे डॉल्फिन डोळ्यांपुढे ठेवून गेलात तर आपला कुबडवाला तुम्हाला संथ वाटेल. तो क्वचितच उडी मारतो. आधी चोच तिरकी वर येते, मग श्वास सोडल्याचा 'फुस्स' आवाज, मग कुबड, कमानीसारखी पाठ, आणि खोल बुडी मारायची असेल तर शेवटी शेपटी. पाच-सहा सेकंदांचा हा क्रम एकदा नीट बघितला की उडीची अपेक्षा आपोआप मागे पडते.

पाठलागाने नेमकं काय होतं

पाण्यात आवाज हवेच्या जवळजवळ साडेचारपट वेगाने जातो. गढूळ पाण्यात डॉल्फिन डोळ्यांपेक्षा कानांवर जगतो. तो आवाज सोडतो, त्याचा प्रतिध्वनी ऐकतो आणि त्यावरून मासा कुठे आहे, जाळं कुठे आहे, आपली आई कुठे आहे हे ओळखतो. दोन-तीन इंजिनं शेजारी घरघरू लागली की हे ऐकणं बंद पडतं. त्यातच वारंवार बुड्या माराव्या लागल्या की मासे धरण्याचा आणि विश्रांतीचा वेळ जातो. पिल्लू आईपासून तुटण्याची भीती असते, इंजिनाच्या पंख्याने कापलं जाण्याचीही.

एका फेरीने काही होत नाही असं आपल्याला वाटतं, कारण आपण एकच फेरी करतो. तोच कळप मात्र सकाळपासून दुपारपर्यंत प्रत्येक होडी सोसतो, आणि हंगामात रोज. ऑस्ट्रेलियात शार्क बे इथे एकाच्या जागी दोन कंपन्यांच्या होड्या फिरू लागल्या, तेव्हा त्या टापूतले डॉल्फिन साधारण सातात एक या प्रमाणात कमी झाल्याचं २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. तिथे परवाने होते, नियम होते, तरीही. उरलेले डॉल्फिन होड्यांना सरावलेले वाटत होते, कारण ज्यांना त्रास सोसवला नाही ते आधीच निघून गेले होते. त्यानंतर तिथला दुसरा परवाना काढून घेण्यात आला. "आमच्याकडचे डॉल्फिन होड्यांना घाबरत नाहीत" हे आपल्याकडे जेव्हा ऐकू येतं, तेव्हा मला हा अभ्यास आठवतो.

कायद्याचंही सांगून ठेवतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात डॉल्फिन पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. या कायद्यातली शिकारीची व्याख्या मारण्यापुरती किंवा पकडण्यापुरती नाही. प्राण्याला हाकणं आणि त्याला आमिष दाखवणं हेही तिच्यात येतं.

दिवस आणि वेळ कशी ठरवायची

हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात, मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत, प्रवासी होड्या बंद असतात. त्या काळात कोणी "नेतो गुपचूप" म्हणालं तर सरळ नाही म्हणा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी सगळ्यात चांगल्या. रात्रभर जमिनीकडून मतलई वारा वाहत असतो, त्यामुळे उजाडताना किनाऱ्यालगतचं पाणी तेलासारखं गुळगुळीत पसरलेलं असतं आणि अर्धा किलोमीटरवर उठलेला परही डोळ्याला दिसतो. दहा-अकरानंतर खारा वारा सुटतो, लाटांवर पांढरे तुरे येतात. मग प्रत्येक तुरा डॉल्फिन वाटायला लागतो. दुपारची फेरी मी कोणालाच सुचवत नाही. होडी हलते, डोळे दिपतात, बोट लागते आणि दिसत काही नाही. दिसत नाही म्हणून जे दिसेल त्याच्या मागे होडी पळवावीशी वाटते, ते वेगळंच.

भरती-ओहोटीचा अंदाज स्वतः काढता आला तर उत्तम. कोकणातला जुना ठोकताळा असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, दशमीला साडेसात वाजता. जी वेळ सकाळी, साधारण तीच रात्री. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. जागेप्रमाणे पाऊण-एक तास मागेपुढे होतं, त्यामुळे पक्क्या वेळेसाठी भरतीचं वेळापत्रक बघा, पण बेत आखायला कॅलेंडर पुरतं. याचा उपयोग दोन प्रकारे होतो. देवबागच्या संगमासारख्या ठिकाणी खाडीच्या तोंडाशी वाळूचे पट्टे असतात आणि ओहोटीला होडी बाहेर काढणं अवघड जातं. शिवाय खाडीच्या तोंडाशी पाण्याची ये-जा सुरू असताना मासळी हलते आणि डॉल्फिन तिच्या मागावर येतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खाडीच्या तोंडाशी पाणी फार ओढतं, अष्टमीच्या आसपास भांगाचं, म्हणजे कमी चढउताराच्या भरती-ओहोटीचं, पाणी शांत असतं. लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी बरोबर असतील तर भांगाचे दिवस धरा.

नाताळ ते एक जानेवारी आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळता आल्या तर टाळा. त्या दिवसांत कितीही जबाबदार तांडेल असला तरी त्याच्या आजूबाजूच्या दहा होड्या त्याच्या हातात नसतात.

होडी बघून घ्या

आदल्या दिवशी संध्याकाळी किनाऱ्यावर चक्कर मारा. सकाळी घाईत निवड नीट होत नाही. होडीवर नोंदणी क्रमांक आणि प्रवासी क्षमता रंगवलेली असते. महाराष्ट्रात ही नोंदणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे होते, गोव्यात बंदर कप्तानांच्या कार्यालयाकडे. क्रमांक नसेल तर पुढे बोलूच नका. क्षमतेपेक्षा एकही माणूस जास्त नको, मांडीवरचं मूलही माणूसच धरायचं.

लाइफ जॅकेट प्रत्येकाला हवं, आणि ते अंगात घालून, बक्कल लावून. बाकाखाली कोंबून ठेवलेल्या जॅकेटचा उपयोग नाही, होडी उलटल्यावर ते शोधायला वेळ मिळत नाही. मुलांच्या मापाची जॅकेटं आहेत का ते आदल्या दिवशीच विचारा, कारण मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निघून जातं. वल्ही, नांगर, दोर आणि चार्ज केलेला फोन होडीत आहे ना ते बघा.

लहान होडी आणि थोडी माणसं मला पसंत आहेत. सहा-आठ जणांच्या फायबर होडीत तांडेल सगळ्यांशी बोलू शकतो, सगळ्यांना दिसतं, एका बाजूला गर्दी होत नाही. वरच्या मजल्यावर गाणी लावलेली मोठी बोट असेल तर तिच्यावरून डॉल्फिन बघायला जाऊ नका. वॉटरस्पोर्ट्सच्या पॅकेजमध्ये जेटस्की, बनाना राइड आणि डॉल्फिन एकत्र बांधलेले असतात. त्यातून डॉल्फिन वेगळे काढा, स्वतंत्र सकाळ द्या.

तांडेलाशी बोलणं

बहुतेक तांडेल मूळचे मच्छीमार. डॉल्फिन जाळ्यातले मासे ओढतात, जाळी फाडतात आणि तो तोटा त्यांनी स्वतः सोसलेला असतो. जाळ्यात अडकून डॉल्फिन मरतात हेही त्यांनी पाहिलेलं असतं. या प्राण्याबद्दल त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. तेव्हा नियम शिकवायच्या सुरात सुरुवात करू नका. शहरातून आलेला माणूस मोबाइलवर वाचून आपल्याला समुद्र शिकवतोय, हे कोणालाही आवडत नाही. आधी विचारा: हल्ली कुठल्या बाजूला दिसतात? पिल्लं आहेत का बरोबर? तारली (ही मासळी) लागली आहे का? मग पैशांचं बोला, आणि ते स्पष्ट बोला.

माझं बोलणं साधारण असं असतं:

"काका, पैसे फेरीचे. डॉल्फिन दिसोत न दिसोत, ठरले तेवढे पूर्ण देणार. पण मागे लागायचं नाही. लांब थांबून बघू."

एकदा देवबागला या बोलण्यावर तांडेलाने हातातला दोर खाली ठेवून माझ्याकडे नीट बघितलं. "नाय दिसले तर मगे बोलू नकात हां."

"नाही बोलणार. आणि दुसऱ्या होड्या आल्या तर आपण निघू."

"मगे बेस. माका पण धावडवूक आवडना नाय. पेट्रोल जळता नि ते पण पळतत." आणि मग, होडी पाण्यात ढकलता ढकलता, आदल्या दिवशी पिल्लू घेऊन फिरणारी एक मादी कुठे दिसली ते त्याने आपण होऊन सांगितलं.

यातला मुद्दा पैशांचा आहे. पाठलागाचं मूळ कमाईच्या भीतीत आहे. ती भीती काढून टाकली की बहुतेक तांडेल आनंदाने संथ चालवतात. जमलं तर ठरलेल्या भाड्यावर थोडं जास्त द्या, पण ते डॉल्फिन जवळून दाखवल्याबद्दल देऊ नका. सबुरीने होडी चालवल्याबद्दल द्या आणि तसं तोंडाने सांगा: "तुम्ही इंजिन लवकर कमी केलंत म्हणून इतकं छान दिसलं." हे वाक्य दुसऱ्या दिवशीच्या गिऱ्हाइकाच्या फेरीपर्यंत पोचतं.

बरोबरच्या मंडळींशीही आधीच बोलून घ्या. होडीतला एक काका "अरे जरा जवळ घे ना" म्हणाला की तांडेलाची अडचण होते. मुलांना सांगून ठेवा की शिट्ट्या, टाळ्या, होडीच्या कडेवर थापट्या हे चालणार नाही.

बरोबर काय घ्यायचं

दुर्बीण. बाकी काही विसरलात तरी चालेल. ८×४२ किंवा ७×५० मापाची दुर्बीण होडीवर चालते. दहापटीपेक्षा जास्त मोठं दाखवणारी हलत्या होडीत स्थिर राहत नाही. दुर्बीण असली की पन्नास मीटरवरचा डॉल्फिन हाताशी आल्यासारखा दिसतो आणि जवळ जाण्याची गरजच वाटत नाही. घरी नसेल तर कोणाची तरी मागून आणा.

बांधायची नाडी असलेली टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पाण्याची स्टीलची बाटली. खाऊची पाकिटं किनाऱ्यावरच ठेवून द्या. वाऱ्याने उडालेलं एक रिकामं पाकीट परत आणायला कोणी होडी वळवत नाही. बोट लागत असेल तर रिकाम्या पोटी जाऊ नका, तेलकटही नको. पोळी किंवा भाकरीचा तुकडा आणि आल्याचा काप पुरतो. गोळी घेणार असाल तर डॉक्टरांना विचारून, निघायच्या तासभर आधी. होडीत मध्यावर किंवा मागे बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा.

शोधायचं कसं

खाडीच्या तोंडाबाहेर आलात की तांडेलाला होडी अगदी हळू चालवायला किंवा थोडा वेळ थांबवायला सांगा. समुद्राची वाटणी करून घ्या: एकाने उजवीकडचा भाग बघायचा, दुसऱ्याने डावीकडचा, तिसऱ्याने पुढचा. आधी नुसत्या डोळ्यांनी, किनाऱ्यापासून क्षितिजापर्यंत सावकाश. काही हललं तर मगच दुर्बीण.

बघायचं ते डॉल्फिनच असं नाही. एकाच जागी झेपावणारे सुरय आणि कुरव हे समुद्रपक्षी दिसले तर खाली मासळीचा थवा आहे. पाण्यावर चुळबुळ, बोय माशांच्या उड्या, रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) आसपासची गडबड या सगळ्या खुणा आहेत. शांत सकाळी श्वासाचा आवाज डॉल्फिन दिसायच्या आधी ऐकू येतो, म्हणून इंजिन बंद ठेवून पाच मिनिटं कोणीही न बोलता बसून बघा. पर एकदा दिसून गेला की घड्याळ बघा. कुबडवाला साधारण मिनिटभराने परत वर येतो, कधी तीन-चार मिनिटंही लावतो. पहिल्या दोन-तीन वेळा कुठून कुठे गेला ते कळलं की कळपाची दिशा कळते, आणि मग त्याच्याकडे जायची गरज आहे की नाही हेही कळतं. पुष्कळदा नसतेच. तो तुमच्याच दिशेने येत असतो.

कळप दिसल्यावर

आता मुख्य भाग. जगभर जिथे नियम आहेत तिथे आकडे थोडेफार वेगळे आहेत, पण पद्धत तीच. हवाईमध्ये २०२१पासून स्पिनर डॉल्फिनच्या पन्नास यार्डांच्या आत होडीने किंवा पोहत जायला कायद्याने बंदी आहे, कारण हे डॉल्फिन रात्री खोल पाण्यात शिकार करून दिवसा उथळ खाड्यांमध्ये विश्रांतीला येतात. आपल्याकडे हाताशी ठेवायला पुढचे आकडे पुरेत.

तीनशे मीटरवर वेग कमी करायचा. इतका की होडीमागे लाट उठणार नाही. तिथपासून इंजिनाचा आवाज एकसारखा ठेवायचा, मध्येच रेस देणं आणि झटक्यात गिअर बदलणं टाळायचं. अचानक बदललेला आवाज सतत चालणाऱ्या मंद आवाजापेक्षा जास्त बिचकवतो.

पन्नास मीटरच्या आत जायचं नाही. पाण्यावर अंतराचा अंदाज चुकतो, सगळं जवळ वाटतं. क्रिकेटची खेळपट्टी वीस मीटरची असते, तर अशा अडीच खेळपट्ट्या डोळ्यांपुढे मांडा. पिल्लू बरोबर असेल तर हे अंतर दीडशे मीटर ठेवा, म्हणजे साडेसात खेळपट्ट्या. मीटरभर लांबीचं, आईच्या कुशीला चिकटून पोहणारं पिल्लू दुर्बिणीतून ओळखू येतं. दोघांचे पर जवळजवळ एकदमच वर येतात.

दिशेचं फार महत्त्व आहे. कळपाच्या समोरून जायचं नाही, कारण ती वाट अडवणं झालं. थेट मागूनही नाही, कारण तो पाठलाग झाला. बाजूने यायचं आणि त्यांच्या दिशेला समांतर, त्यांच्याच वेगाने किंवा थोडं हळू चालायचं. कळपाच्या मधून होडी कधीच घालायची नाही. किनारा आणि कळप यांच्यामध्येही शिरायचं नाही. उथळ पाण्याकडे ढकलले गेले तर त्यांना वळायला जागा राहत नाही. खाडीच्या तोंडाशी असतील तर तोंड अडवून उभं राहायचं नाही.

मला सगळ्यात आवडणारी पद्धत आणखी सोपी आहे. त्यांची दिशा बघून बाजूला, बरंच पुढे, वाट मोकळी सोडून थांबायचं आणि इंजिन न्यूट्रलला टाकायचं किंवा बंद करायचं. मग यायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. आले तर जागचं हलायचं नाही, हात पाण्यात घालायचा नाही. आपण होऊन होडीच्या दहा मीटरवर आले तरी तो नियमभंग नाही, कारण जवळ तुम्ही गेला नाहीत. इंजिन परत सुरू करायच्या आधी सगळे दूर गेले आहेत याची मात्र खात्री करा. चालत्या होडीच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, बाहेरच्या समुद्रातले डॉल्फिन खेळायला येतात. कुबडवाले तसं फारसं करत नाहीत. आले तर वेग आणि दिशा आहे तीच ठेवायची.

एका कळपाजवळ तीनच्या वर होड्या नकोत. आधीच तीन असतील तर लांब थांबून आपली पाळी येईपर्यंत वाट बघा, आणि दोन होड्यांच्या मध्ये कळप कोंडला जाणार नाही असं सगळ्या एकाच बाजूला राहा. एका कळपाबरोबर पंधरा-वीस मिनिटं पुरे. त्यानंतर चांगलं दिसत असलं तरी निघायचं.

पाण्यात उतरून पोहणं नको, बिस्किटं-मासे टाकणं नको. माणसाच्या हातच्या खाण्याला सरावलेला डॉल्फिन होड्यांजवळ येतो आणि पंख्याने जखमी होतो.

डॉल्फिन नको म्हणतात तेव्हा

शांत कळप कसा दिसतो ते आधी लक्षात ठेवा: सावकाश, ठरावीक अंतराने वर येणं, एकाच दिशेला किंवा एकाच जागी घुटमळत राहणं, मोकळे पसरलेले असणं. हे बदललं की ते तुमच्यामुळे बदललं असं धरून चला.

निवतीजवळ एका सकाळी पाच डॉल्फिन असेच पसरून मासे धरत होते. आमचं इंजिन बंद होतं. दक्षिणेकडून एक होडी भरवेगाने आली. ती अजून बरीच लांब असतानाच पाचही एकमेकांना खेटले. मोठी मादी पिल्लाच्या आणि होडीच्या मध्ये आली. मग सगळे एकदम बुडाले. आधी ते मिनिटभरात वर येत होते, आता चार मिनिटं काहीच नाही, आणि वर आले ते पार दुसऱ्या बाजूला, खोल पाण्याकडे तोंड करून. आलेल्या होडीतल्या लोकांना फक्त शेवटची शेपटी दिसली. आमच्या तांडेलाने नुसती मान हलवली आणि होडी घराकडे वळवली.

कळप खेटणं, बुड्या लांबणं, वारंवार दिशा बदलणं, पाण्यावर शेपटी आपटणं, मोठ्यांनी पिल्लाला पलीकडे घेणं, होडीपासून सरळ दूर जाणं. यातली एक खूण दिसली की अंतर वाढवा. दोन दिसल्या किंवा दोनदा दूर गेले की फेरी संपली. तिसऱ्यांदा मागे जाऊ नका.

फोटो

मोबाइलने काढलेल्या फोटोत पाणी आणि एक ठिपका येतो, त्यामुळे मोबाइल खिशात ठेवा आणि डोळ्यांनी बघा. कॅमेरा असेल तर ३०० मिलिमीटरपर्यंतची झूम लेन्स, शटर सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून वेगवान, आणि सलग फोटो काढण्याची सोय. जिथे बुडाला तिथे रोखून बसू नका, तो ज्या दिशेला चालला होता त्याच्या थोडं पुढे रोखा. ड्रोन उडवू नका. खाली आणलेल्या ड्रोनने डॉल्फिन बिचकतात, आणि किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी परवानगीशिवाय तो उडवताही येत नाही.

एका फोटोचा खरा उपयोग आहे: पराचा, बाजूने, काटकोनात काढलेला. परावरच्या खाचा, ओरखडे आणि डाग प्रत्येकाचे वेगळे असतात आणि त्यावरून अभ्यासक एकेक डॉल्फिन ओळखतात.

होडीशिवायही

कळपाला काहीच त्रास न देता बघायचं असेल तर उंच जागा शोधा. निवतीच्या किल्ल्यावरून भोगव्याचा किनारा आणि समोरचा समुद्र मोकळा दिसतो. सकाळी दुर्बीण घेऊन तिथे दोन तास बसा. भरवसा नाही, पण होडीतही तो नसतो. मुलांना आणि बोट लागणाऱ्यांना हा उत्तम मार्ग आहे. मुंबईकरांनाही सांगतो: हिवाळ्यात शहराच्या पश्चिम किनाऱ्यावरूनही अधूनमधून कुबडवाले दिसतात.

परत आल्यावर

तारीख, वेळ, जागा, किती होते, पिल्लं होती का, काय करत होते, आसपास किती होड्या होत्या, एवढं त्याच दिवशी लिहून ठेवा. पराचे फोटो असतील तर तेही घेऊन 'मरीन मॅमल रिसर्च अँड कन्झर्वेशन नेटवर्क ऑफ इंडिया'च्या संकेतस्थळावर किंवा आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करा. समाजमाध्यमांवर टाकताना पिल्लांची नेमकी जागा देऊ नका, आणि जवळून काढलेला फोटो असेल तर डॉल्फिन स्वतः जवळ आले होते हे लिहा, नाहीतर बघणारा पुढच्या तांडेलाकडे तेच मागतो. ठिकाणाचं परीक्षण लिहाल तेव्हा "हमखास दिसले" यापेक्षा "होडी लांब थांबवली, इंजिन बंद केलं" हे लिहा. गिऱ्हाईक काय शोधतंय ते होडीवाले वाचतात.

किनाऱ्यावर जिवंत डॉल्फिन वाहून आलेला दिसला तर त्याला परत समुद्रात ढकलू नका, शेपटी धरून ओढू नका. बहुधा तो आजारी किंवा जखमी असतो. महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, गोव्यात जवळच्या जीवरक्षकांना किंवा वनखात्याला. मदत येईपर्यंत त्याला पोटावर सरळ ठेवा, अंगावर ओलं फडकं टाका आणि पाणी शिंपडत राहा, पण डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका. छत्र्या धरून सावली करा, गर्दी आणि कुत्री लांब ठेवा. मेलेला असला तरी कळवा: त्याच्या अंगावरच्या जाळ्याच्या किंवा पंख्याच्या खुणांवरून तो कशाने मेला ते कळू शकतं.